आत्यांचं रक्त, आत्यांचं आतडं

मी लॅब उघडली त्या दिवशी दुपार झाली तरी एकही पेशंट आला नव्हता. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते, शेजारच्या मेडिकलवाल्यानं "चालंल की वैनी, काळजी करू नका" असं तीनदा सांगून झालं होतं. नव्या कोऱ्या मायक्रोस्कोपवर धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावरचं कव्हर काढत होते आणि परत घालत होते. बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. सकाळच्या धारा काढून, म्हशींना वैरण टाकून त्या कसबा बावड्याहून रिक्षानं आल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदलेलं, आणि अंगाला तो कधीच न जाणारा शेणा-दुधाचा वास.

"गिऱ्हाईक न्हाय व्हय गं आजून?"

"येतील की आत्या."

"येतील, पर कवा? दुकान उघडलं की भवानी व्हायाच पायजे. घे, माझंच रगात घे. माझ्यापासनं भवानी कर."

सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे, मीही तसंच म्हणायची. त्यांनी बाही वर सरकवली आणि हात पुढं केला. जन्मभर धारा काढलेला हात. शीर शोधावी लागलीच नाही, दोरीसारखी वर आली होती. मी रक्त घेतलं, त्यांनी पदराच्या गाठीत बांधून आणलेली दहाची एक मळकी नोट टेबलावर ठेवली, आणि "चल, म्हसरं वाट बगत्यात" म्हणून निघून गेल्या.

आत्यांना मी लग्नाआधीपासून ओळखत होते, म्हणजे नुसत्या बघून. कोल्हापूर शहरात संध्याकाळी दूधकट्टा भरतो. गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आणि धार थेट पेल्यात पडते. त्या गवळ्यांच्या रांगेत एकच बाई असायची. सासरे लवकर गेले, मुलगा शाळेत, मुलगी त्याहून लहान, आणि म्हशी गोठ्यात हंबरत होत्या. तेव्हा आत्यांनी नवऱ्याची जागा घेतली. सुरुवातीला कुणीतरी काहीतरी बोललं म्हणे. आत्यांनी हातातली दुधाची चरवी त्याच्या पायावर ओतली आणि म्हणाल्या, "आता बोल, पाय धुवून." पुढं कुणी बोललं नाही. त्या दुधावर माझा नवरा इंजिनिअर झाला, उद्यमनगरात त्यानं स्वतःचं लेथचं वर्कशॉप टाकलं, आणि कोडोलीच्या एका प्राथमिक शिक्षकाची, मिरजेत पॅथॉलॉजी शिकलेली मुलगी त्यांच्या घरात सून म्हणून आली. ती मी. मी नक्की कसली डॉक्टर आहे हे आत्यांना कधी नीट पटलं नाही. "सुई टोचती, पर औषध देत न्हाय," असं त्या कट्ट्यावर सांगायच्या.

त्या दुपारी वेळ होता म्हणून मी आत्यांच्या रक्ताची स्लाइड अगदी निवांत केली. काचेवर थेंब पसरला, वाळवला, रंग दिला, धुतला. मग मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळा लावला.

निरोगी माणसाच्या रक्तात तांबड्या पेशींचं मैदान असतं आणि त्यात कुठंकुठं एखादी जांभळी पांढरी पेशी. आत्यांच्या स्लाइडवर जिकडं बघावं तिकडं जांभळे ठिपके होते. सगळे एका घडणीचे, लहान, गोल, गच्च भरलेले. मधेमधे काही विस्कटलेल्या, जणू कुणी अंगठ्यानं पुसून काढलेल्या पेशी. मला वाटलं रंग बिघडला. दुसरी स्लाइड केली. मग स्वतःच्या बोटाला टोचून माझी स्लाइड केली, त्याच रंगानं. माझी स्वच्छ निघाली.

एवढं मला पक्कं आठवतं, की मी घाबरण्याच्या आधी थक्क झाले होते. ही बाई सकाळी उठली, म्हशींच्या धारा काढल्या, भाकऱ्या थापल्या, रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडली. आणि तिच्या रक्तात हे चाललं होतं, कुणास ठाऊक किती वर्षं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी स्लाइड घेऊन मी मिरजेला माझ्या मॅडमकडं गेले. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या या मॅडम, मितभाषी, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"कुणाचं आहे?"

"सासूबाईंचं."

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला घेतला, चष्मा लावला आणि माझ्याकडं बघितलं. "रक्ताचाच कॅन्सर आहे. पण सावकाशीचा. हा म्हाताऱ्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं राहतो. कधीकधी माणूस जातो दुसऱ्याच कशानं, आणि हा तसाच राहिलेला असतो."

घरी नवरा म्हणाला, आईला सांगायचं नाही. मी म्हणाले, रक्त त्यांचं आहे. तो रात्रभर माझ्याशी बोलला नाही. सकाळी गोठ्यात मीच गेले. आत्या वैरण कापत होत्या.

"आत्या, तुमच्या रक्तात कॅन्सर निघालाय."

विळा थांबला. "रगतात? मग तो कापायचा कसा?"

"कापता येत नाही."

"मग?"

"मुंबईला दाखवू या."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी चाचपल्या, आणि सांगितलं की सध्या औषध नको, काही करू नका, फक्त लक्ष ठेवा. बाहेर आल्यावर आत्या माझ्यावर उखडल्या. "येवढ्या लांब आणून 'बगत ऱ्हावा' म्हणतोय व्हय ह्यो? बगत तर मी घरात बी बसलो असतो की!"

कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारख्या आत्या स्वतःबद्दल 'मी गेलो, मी बसलो' असंच बोलत. मी कोडोलीची, मला त्याचं काही वाटायचं नाही. पण मुंबईचा तो शिकाऊ डॉक्टर गोंधळून त्यांच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता.

मग आम्ही खरंच बघत राहिलो. ठराविक महिन्यांनी मी रक्त घ्यायची. जांभळ्या पेशी हळूहळू वाढत होत्या, पुढं काही वर्षांनी गोळ्या सुरू झाल्या, पेशी थोड्या मागं सरल्या. आत्या कट्ट्यावर जातच होत्या. दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवर केस कातरून काढलेली नक्षी. आत्या दरवर्षी आपली म्हैस स्वतः सजवायच्या आणि हाक मारून पळवायच्या. त्यांची हाक ऐकली की म्हैस मोटरसायकलीच्या आवाजालाही न बुजता त्यांच्या मागं धावायची. रक्ताचा कॅन्सर म्हणजे काय, हे जवळून बघण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र होतं. त्यात शिंगं रंगवणारी बाई नव्हती.

दोन हजार साल उलटून गेल्यावर आत्या दमायला लागल्या. गोठ्यातून घरात यायच्या चार पायऱ्यांवर त्यांना धाप लागू लागली. डोळ्यांच्या आतली लाली पुसून गेली. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलं होतं. सगळ्यांनाच वाटलं, आता रक्तातला आजार उठला. नवऱ्यानं वर्कशॉपला जाणं सोडलं आणि आईच्या उशाशी बसू लागला.

मी स्लाइड बघितली. जांभळ्या पेशी होत्या तेवढ्याच होत्या. बदलल्या होत्या त्या तांबड्या पेशी. लहान आणि फिकट, मधे पोकळ, बांगडीसारख्या. ही लोह संपल्याची खूण असते. रक्ताचा कारखाना चालू होता, माल कुठूनतरी बाहेर जात होता. मी मॅडमना फोन केला. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोट बघ."

"आत्या, शौचाला काळं पडतं का? रक्त दिसतं का?"

"आता मी काय वाकून बगत बसू व्हय?"

"बघा एकदा."

"म्हातारपणात काय काय कराय लावतीस गं पोरी."

काही दिसलं नाही, पण तपासणीत रक्त सापडलं, डोळ्यांना न दिसणारं. म्हणून दुर्बीण घालायचं ठरलं. पोटाचे डॉक्टर ओळखीचे होते, त्यांनी मला आत उभं राहू दिलं. आत्या गुंगीत होत्या. पडद्यावर त्यांचं आतडं उमटलं आणि मी पहिल्यांदा जिवंत माणसाचं आतडं आतून बघितलं. माझ्याकडं आजवर आलेलं प्रत्येक आतडं फॉर्मलिनच्या बरणीत राखाडी होऊन आलं होतं. हे ओलं होतं, गुलाबी, चकचकीत, त्याच्यावर बारीक तांबड्या शिरांची जाळी, आणि आतडं हळूच आवळत होतं, सैल होत होतं.

मग डाव्या बाजूच्या वळणावर ती गाठ आली. खडबडीत, वरून रक्त झिरपणारी. डॉक्टरांनी तुकडा घेतला. "हे बघा कारण," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते दुर्बीण पुढं नेत राहिले. लांबलचक स्वच्छ भाग गेला. आडवा भाग गेला, तोही स्वच्छ. आणि उजवीकडं, मोठं आतडं जिथं सुरू होतं तिथं, दुसरी गाठ होती. पहिलीपेक्षा मोठी.

डॉक्टरांनी तिथलाही तुकडा घेतला.

सगळ्यांच्या मनात एकच आलं, की रक्तातलाच आजार आतड्यात उतरून दोन ठिकाणी साचला असेल. तुकडे मॅडमनी बघितले. तसं नव्हतं. दोन्ही ठिकाणी आतड्याच्या स्वतःच्या अस्तरातून उगवलेला कॅन्सर होता. शिवाय एका गाठीचं बी दुसरीकडं गेलेलं नव्हतं. दोन्ही गाठींच्या कडेला निरोगी अस्तर बिघडत बिघडत गाठीपर्यंत कसं गेलं ते दिसत होतं. प्रत्येक गाठ आपापल्या जागी, आपापल्या मुळावर वाढली होती.

घरी आल्यावर मी आत्यांना सगळं सांगितलं. आता नवरा नको म्हणाला नाही, तो शेजारी बसून ऐकत होता.

"म्हंजे तीन झालं?" आत्या म्हणाल्या. "एक रगतात आन् दोन पोटात?"

"हो."

"एकाच माणसाला तीन तीन कसं काय गं?"

मी म्हणाले, नक्की कुणालाच माहीत नाही. पण रक्तातल्या या पेशींचं काम राखणीचं असतं. शरीरात कुठं काही वाकडं उगवलं तर ते ओळखायचं आणि मारायचं. तुमच्या रक्तात त्या पेशी गच्च झाल्यात, पण त्यांना काम येत नाही. त्यामुळं दुसरं काही उगवलं तर अडवायला कुणी नसावं.

आत्या म्हणाल्या, "म्हंजे चौकीत पोलिस मावंनात, आन् गावात चोऱ्या बी चालूच."

"तसंच काहीतरी."

"मग त्यात नवल कसलं? आपल्याकडं असंच असतंय की."

नवरा हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "रडतोस काय बायकांवानी! मी रडतोय का?"

सर्जन कोल्हापुरातलेच होते, धिप्पाड, आवाज मोठा, पण हात फार हलके. त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोठं आतडं जवळजवळ सगळं काढावं लागेल. रक्ताच्या आजारामुळं जखम पिकायचा धोका जास्त आहे, रक्त न थांबण्याचाही. रक्ताच्या बाटल्या तयार ठेवा.

ही बातमी कट्ट्यावर गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी रक्तपेढीत गेले तर बाहेर मोटरसायकलींची रांग लागलेली. धोतर-पटक्यातले म्हातारे गवळी, जीन्समधली त्यांची नातवंडं, सगळे सकाळच्या धारा काढून तसेच आले होते. रक्तपेढीच्या त्या थंडगार, औषधी वासाच्या खोलीत गोठ्याचा वास भरून राहिला. एका सत्तरीच्या म्हाताऱ्याला नर्सनं वयामुळं नको म्हटलं, तर तो भांडायला उठला. "माझं का नको? दूध पिऊन वाढलंय ते!" मग मीच त्यांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्या सासूनं एकदा माझ्या पायावर दूध ओतलं होतं. रगात तरी घ्या की माझं." मी त्यांना चहा पाजला.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला, म्हणाले, "निघालं. जोडणी चांगली झाली आहे. पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली नाही." नवरा भिंतीला टेकून खाली बसला.

काढलेलं आतडं तपासायला माझ्याच लॅबमध्ये यायचं होतं. माझ्या सासूचं आतडं एकटीनं कापायचं धैर्य मला नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्या एसटीनं मिरजेहून आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तू कात्री धर. मी बघते."

आम्ही आतडं लांबीनं उघडून टेबलावर पसरलं. दोन गाठी होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधल्या भागावरून मॅडमची बोटं सावकाश फिरत होती, हातमोज्यातून, अंधारात चाचपावं तशी. एका ठिकाणी बोट थांबलं. हरभऱ्याएवढा एक मोड, म्हणजे पॉलिप होता, अस्तराच्या घडीत लपलेला. दुर्बिणीला तो दिसला नव्हता.

"हाही घे," मॅडम म्हणाल्या.

काही दिवसांनी स्लाइड तयार झाल्या. त्या हरभऱ्याच्या टोकालाही कॅन्सर होता, नुकता सुरू झालेला, लहानसा, पण स्वतंत्र. आतड्यात तीन आणि रक्तात एक. मॅडमनी चष्मा पुसला. मग आतड्याबरोबर आलेल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, आम्ही बघायला घेतल्या. त्या फुगलेल्या होत्या, रक्तातल्या त्याच जांभळ्या पेशींनी भरलेल्या, ते अपेक्षितच होतं. एक झाली, दुसरी झाली. पुढच्या एका ग्रंथीवर मॅडम थांबल्या. मग सरकून मला जागा दिली.

निळ्या-जांभळ्या ठिपक्यांचा दाट समुद्र होता. आणि त्याच्या मधोमध गुलाबी कड्यांची एक वस्ती. आतड्यातला कॅन्सर त्या ग्रंथीत पोचला होता, जिथं रक्तातला कॅन्सर आधीपासून मुक्कामाला होता. दोन्ही एका चौकटीत, शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता. दोघांमधली सीमा इतकी स्पष्ट होती की पेन्सिलीनं रेघ ओढावी.

"चाळीस वर्षं मी हे काम केलं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "असं शेजारी शेजारी पहिल्यांदाच बघते आहे."

आम्ही दोघी तिथं किती वेळ बसलो होतो ते सांगता येणार नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मला अपराध्यासारखं वाटत होतं, कारण मी जे बघत होते ते भयंकर होतं आणि मला ते सुंदर दिसत होतं. मॅडमना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "सुंदर आहेच. त्याला आपण काय करणार? आपलं काम नीट बघणं एवढंच."

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "एका आतड्यात तीन निघाले म्हणजे घराण्यातही काही असू शकतं. तुझ्या नवऱ्याची आणि त्याच्या बहिणीची दुर्बिणीनं तपासणी करून घे. उशीर करू नकोस."

ग्रंथीत कॅन्सर निघाल्यामुळं आत्यांना केमोची औषधं घ्यावी लागली, रक्ताचा आजार बघून कमी मात्रेत. तोंड आलं, केस विरळ झाले, ताकावर दिवस काढले. दिवसातून कितीदा तरी शौचाला जावं लागे. त्या म्हणत, "मोठं आतडं न्हाय, आता सगळा थेट कारभार." म्हशींकडं उचगावहून नणंद येऊन बघायची. आत्या खाटेवरून तिला ओरडून सूचना करायच्या, आणि म्हशी तो आवाज ऐकून पान्हा सोडायच्या.

त्या हिंडू-फिरू लागल्यावर एक दिवस लॅबमध्ये आल्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दाव बगू मला."

"काय?"

"माझ्या पोटातनं काय काढलंसा ते. तू आन् तुझी मास्तरीण लई बगत बसला होता म्हणं."

मी आधी टाळलं. मग विचार केला, तेव्हा नवऱ्याला मीच म्हणाले होते, रक्त त्यांचं आहे. मी ती स्लाइड काढली, ठेवली, नेमकी जागा आणली. आत्यांनी लुगड्याचा पदर सावरला आणि वाकल्या. आधी त्यांना त्यांच्या पापण्याच दिसत होत्या. मग एक डोळा मिटायला सांगितला.

"निळं निळं दिसतंय. मोहरी सांडल्यावानी."

"ते रक्तातलं."

"आन् मधी गुलाबी कडी हाईत."

"ते आतड्यातलं. तिकडून आलेलं."

आत्या वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं घाबरल्या. मी खांद्यावर हात ठेवायला गेले, त्यांनी तो झटकला नाही, पण डोळाही मायक्रोस्कोपवरून हलवला नाही.

"लई देखणं हाय की गं हे," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. कट्ट्यावर दणाणणारा तो आवाज नव्हता. "मी धारा काढतोय, भाकऱ्या थापतोय, पोरांची लग्नं करतोय. आन् आतल्या आत ह्यांचं असं नक्षीकाम चाललंय. कुणी शिकवलं आसंल ह्यास्नी?"

त्यांनी वर बघितलं तेव्हा डोळा पाणावलेला होता, लेन्सला टेकवून ठेवल्यामुळं म्हणा किंवा कशामुळं. "बंद कर आता," त्या म्हणाल्या. "आन् माझ्या पोराचं कवा बगणार?"

कारण नवरा तपासणीला तयार नव्हता. "मला काही होत नाही," असं म्हणून तो वर्कशॉपला निघून जायचा. नणंद उचगावहून येऊन तपासून गेली, तिचं आतडं स्वच्छ निघालं. तरी हा ऐकेना. तेव्हा आत्या रिक्षा करून थेट उद्यमनगरात गेल्या. लेथ चालू होती, कामगार होते. त्यांच्यासमोर आत्यांनी मशीन बंद करायला लावलं.

"माझं आतडं गेलं, मी मेलो न्हाय. तू नुसत्या तपासाला भितोस व्हय? चल ऊठ. न्हायतर हितं बसतो मी, लेथीवर."

कामगार माना खाली घालून हसत होते. नवरा उठला.

त्याच्या आतड्यात एक मोड निघाला, देठ असलेला, बोराएवढा. त्याच वेळी दुर्बिणीतून फास टाकून तो काढला. तो माझ्याकडं आला, मी आणि मॅडमनी बघितला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर निघालेला होता. अजून काही वर्षं तसाच राहिला असता तर काय झालं असतं, हे मला नको इतकं नीट ठाऊक होतं. मी त्या संध्याकाळी घरी गेले आणि आत्यांना सांगितलं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "माझ्या पोटातलं तीन कामाला आलं म्हणायचं." मग बराच वेळ त्यांनी पदर तोंडाला लावून ठेवला होता. मी तिथंच बसून राहिले.

पुढचा पाडवा आला तेव्हा त्यांच्यात पळायची ताकद नव्हती. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या. म्हैस नवऱ्यानं सजवली, शिंगांचा रंग त्याच्याकडून ओघळला, त्यावरून त्याला चार शब्द ऐकावे लागले. मिरवणूक पुढं गेल्यावर आत्यांनी खुर्चीतूनच हाक मारली. म्हैस गर्दीतून मागं फिरली, नवऱ्याला ओढत घेऊन.

त्या बरीच वर्षं जगल्या. पोटातलं परत आलं नाही. राहिलेल्या तेवढ्या आतड्याची दरवर्षी तपासणी व्हायची, आणि गुंगी नको म्हणून हट्ट करून त्या पडद्यावर स्वतःचं आतडं बघायच्या. रक्तातलं मात्र हळूहळू वाढत गेलं. एका हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि त्या फार खालावल्या. ऑक्सिजनच्या नळ्या नाकात घालून पडल्या होत्या. मला जवळ बोलावलं.

"कशानं जातोय मी? रगताच्या का पोटाच्या?"

"कुठल्याच नाही आत्या. छातीत कफ झालाय."

"येवढी मोठी मोठी चार आली, आन् न्ह्यायचं कफानं व्हय?"

हसताना त्यांना असा खोकला लागला की नर्स धावत आली. त्या त्यातूनही उठल्या. घरी आल्या, पुन्हा गोठ्यात जाऊन म्हशींना नावं ठेवू लागल्या.

गेल्या त्या एका उन्हाळ्यात, दुपारी. गोठ्याच्या सावलीत खाटेवर पडल्या होत्या. चहा पिऊन झाला होता, कप बाजूला ठेवला होता. नणंदेनं उठवायला हाक मारली तेव्हा कळलं. नक्की कशानं गेल्या, हे मला सांगता येत नाही. आयुष्यभर मी लोकांना तेच शोधून देत आले. त्या दुपारी मात्र मी खाटेपाशी बसले, त्यांचा हात हातात घेतला, आणि ते शोधावं असं मला वाटलं नाही.